काडीची किंमत

इस्लामपूरच्या आमच्या घरात गॅसच्या ओट्यावर, खिडकीच्या कडेला, एक पत्र्याचा डबा असायचा. मूळचा कशाचा ते नाव पुसून गेलं होतं. त्यात अर्ध्या जळालेल्या काड्या. एक शेगडी पेटलेली असताना दुसरी पेटवायची झाली तर काडेपेटीला हात लावायचा नाही. डब्यातली एक काडी घ्यायची, पेटत्या शेगडीवर धरायची आणि दुसरीला लावायची. फुंकून पुन्हा डब्यात. काडी इतकी आखूड व्हायची की बोटं भाजायची. सिलिंडर चार वर्षं नंबर लावून मिळालेला, त्यामुळे गॅस जपायचा हे कळत होतं. पण काडी? विचारलं की आई म्हणायची, "काड्या काय फुकट येतात?"

खूप वर्षांनी मी कुठेतरी वाचलं की मध्य आशियात तुर्कमेनिस्तान नावाच्या देशात नेमकं उलटं आहे. तिथे गॅस फुकट आणि काड्या विकत. म्हणून लोक काडी वाचवायला शेगडी दिवसरात्र चालूच ठेवतात. मला हसू आलं. आईला फोन करून सांगितलं. ती हसली नाही. थोडं थांबून म्हणाली, "आणि रात्री झोपताना गं?"

तो प्रश्न डोक्यात राहिला. त्या देशाशी माझं नातं मात्र त्याच्याही आधीचं. शाळेत आमच्या वह्यापुस्तकांना सोव्हिएत मासिकांच्या गुळगुळीत पानांची कव्हरं असायची. कागद जाड, रंग भडक, आणि रद्दीवाल्याकडे स्वस्तात मिळायचा. कुणाच्या गणितावर ट्रॅक्टर, कुणाच्या इतिहासावर अंतराळवीर. माझ्या भूगोलाच्या वहीवर एक कालवा होता. दोन्ही बाजूंना पिवळी वाळू आणि मधून आखल्यासारखी निळी रेघ. खाली लिहिलं होतं, काराकुम, म्हणजे तुर्कमेनिस्तानातलं वाळवंट. पुढे 1988 ते 90 मी पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकले. हौस होतीच, पण हिशेबही होता. रशियन यंत्रं येत होती, रशियन इंजिनिअर येत होते, दुभाष्यांना काम होतं. सहा विभक्त्या, क्रियापदांचं पूर्ण-अपूर्ण, सगळं घोटून पाठ केलं. 1991 च्या डिसेंबरात सोव्हिएत संघच नकाशावरून गेला. माझ्या रशियनला काडीची किंमत उरली नाही. मी बँकेत लागले.

बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली त्या वर्षी, 2019 च्या ऑक्टोबरात, दहा जणांच्या एका गटाबरोबर तुर्कमेनिस्तानला गेले. गटातल्या बाकीच्यांना जळता खड्डा बघायचा होता. मला माझं रशियन अजून चालतं का ते बघायचं होतं, आणि जमलं तर भूगोलाच्या वहीवरचा कालवा.

दिल्लीहून निघालेलं विमान अश्गाबातला रात्री उतरलं. विमानतळच पंख पसरलेल्या पक्ष्याच्या आकाराचा. बाहेर पडलो आणि गाडीत कुणी बोलेना. शहर पांढरं. म्हणजे रंगवलेलं पांढरं नव्हे, संगमरवरी. मंत्रालयं, बँका, राहण्याच्या इमारती, बसथांबेसुद्धा. 2013 साली गिनीजने नोंद केली तेव्हा 22 चौरस किलोमीटरमध्ये 543 नव्या इमारती आणि त्यांच्यावर 45 लाख चौरस मीटरहून जास्त पांढरा संगमरवर. रात्रभर त्यांच्यावर दिवे, कधी जांभळे, कधी हिरवे. कारंजी चालू, आणि रस्त्यावर माणूस नाही. सकाळी दिसली ती माणसं झाडू घेतलेल्या बायका होत्या, डोळ्यांखालपर्यंत तोंड फडक्याने बांधलेल्या. काळी गाडी एकही दिसली नाही. 2018 पासून राजधानीत काळ्या गाड्यांना बंदी आहे. लोकांनी पदरमोड करून रंग बदलून घेतले. एका चौकात पांढऱ्या कड्यावर सोन्याचा घोडा आणि घोड्यावर सोन्याचे राष्ट्राध्यक्ष. फोटो कुठे काढायचा आणि कुठे नाही हे गाईड सांगायची. चोवीस-पंचवीस वर्षांची हुशार मुलगी. नाही म्हणायचं असलं की ती नुसती हसायची.

या देशाला स्वातंत्र्य कसं मिळालं ते मला नेहमीच मजेशीर वाटत आलंय. 1991 च्या मार्चमध्ये सार्वमत झालं, सोव्हिएत संघ टिकवायचा का? 97 टक्क्यांहून जास्त लोकांनी हो म्हटलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात पुन्हा सार्वमत, स्वतंत्र व्हायचं का? 94 टक्के हो. प्रश्न विचारणारे तेच, मतं मोजणारेही तेच. 27 ऑक्टोबरला देश स्वतंत्र झाला. डिसेंबरात कम्युनिस्ट पक्षाने नाव बदलून डेमोक्रॅटिक पक्ष असं ठेवलं. 1985 पासून पक्षाचे पहिले सचिव असलेले सापारमुरात नियाझोव्ह आधीच राष्ट्राध्यक्ष झाले होते, ते तसेच राहिले. आपल्याकडे घर विकलं की निदान पाटी तरी नवा मालक बदलतो. इथे मालक तोच, पाटी नवी.

नियाझोव्ह यांच्या गोष्टी इतक्या सांगून झाल्यात की मी त्या सांगायला जरा कचरते. तुर्कमेनबाशी, म्हणजे तुर्कमेनांचा प्रमुख, हे त्यांनी स्वतःला लावून घेतलेलं नाव. 1999 मध्ये तहहयात राष्ट्राध्यक्ष. 2002 मध्ये महिन्यांची नावं बदलली, जानेवारी झाला तुर्कमेनबाशी आणि एप्रिलला मिळालं आईचं नाव, गुर्बानसोल्तान. सप्टेंबर म्हणजे रुखनामा, त्यांनीच लिहिलेला ग्रंथ. तो शाळेत सक्तीचा, नोकरीसाठी सक्तीचा, गाडी चालवण्याच्या परवान्यासाठीसुद्धा सक्तीचा. ऑपेरा, बॅले आणि सर्कस बंद, आपल्या संस्कृतीत बसत नाहीत म्हणून. सूर्याच्या दिशेने फिरणारा त्यांचा 12 मीटर उंचीचा सोनेरी पुतळा शहराच्या मध्यभागी होता. तो आता शहराबाहेर नेलाय आणि तो फिरत नाही.

गटातले लोक यावर पोट धरून हसत होते. मीही हसले. मग गाईडने आम्हाला एका स्मारकापुढे उभं केलं. एक प्रचंड काळा बैल, त्याच्या शिंगांवर तडकलेली पृथ्वी. भेगेतून एक बाई वर हात करून एका बाळाला उचलून धरतेय. बाळ तेवढं सोन्याचं. पृथ्वी बैलाच्या शिंगांवर आहे आणि त्याने मान हलवली की धरणीकंप होतो, अशी त्यांची जुनी समजूत. आपल्याकडे शेष फणा हलवतो, तसंच. 6 ऑक्टोबर 1948 च्या मध्यरात्रीनंतर अश्गाबात एका हिसक्यात जमीनदोस्त झालं. मेलेल्यांचा आकडा कित्येक वर्षं मॉस्कोने दाबून ठेवला. लाखाच्या वर माणसं गेली असं आता मानतात. त्यात आठ वर्षांच्या सापारमुरातची आई आणि दोन्ही भाऊ गेले. वडील युद्धात आधीच गेलेले. मुलगा अनाथाश्रमात वाढला.

ते सोन्याचं बाळ म्हणजे तोच. पुढे भाकरीलाही आईचंच नाव द्यायचं ठरलं, असं सांगतात. अनाथ मुलाने आईचं नाव कॅलेंडरावर आणि भाकरीवर कोरायचं म्हटलं, तर त्यात हसण्यासारखं काय हे मला तिथे उभं राहिल्यावर कळेना. पण मग लगेच दुसरंही आठवलं. याच माणसाने 2004 मध्ये सुमारे 15,000 परिचारिका, दाया आणि दवाखान्यांतले कर्मचारी काढून त्यांच्या जागी सैन्यातली पोरं लावली. 2005 मध्ये राजधानीबाहेरची इस्पितळं बंद करायला सांगितली. आजारी असाल तर अश्गाबातला या. 2006 च्या सुरुवातीला लाखभर म्हाताऱ्यांची पेन्शन गेली. पुतळ्यांचे विनोद जगभर पोचले. पेन्शन गेलेल्या म्हातारीवर विनोद होत नाही, म्हणून ती कुठे पोचली नाही. त्या वर्षाअखेर, 21 डिसेंबरला, ते गेले. नंतर आलेले गुर्बांगुली बेर्दिमुहामेदोव्ह पेशाने दातांचे डॉक्टर. त्यांनी महिन्यांची जुनी नावं परत आणली आणि स्वतःला अर्कादाग, म्हणजे पाठीराखा, म्हणवून घेतलं. सोन्याच्या घोड्यावर बसलेले ते हेच. 2022 पासून त्यांचा मुलगा सेर्दार गादीवर आहे. गादी हाच शब्द बरोबर.

दरवाझ्याला, म्हणजे त्या जळत्या खड्ड्याकडे, जायला अश्गाबातहून उत्तरेकडे अडीचशेहून जास्त किलोमीटर. रस्ता असा की मणके मोजून घ्यावेत. शहर संपताच संगमरवरही संपतो, आणि मग वाळूच वाळू. देश पावणेपाच लाख चौरस किलोमीटरहून मोठा, म्हणजे महाराष्ट्राच्या दीडपट, आणि त्यातला बहुतेक भाग हे काराकुमचं वाळवंट. काराकुम म्हणजे काळी वाळू, पण ती दिसते मळकट पिवळी. मध्ये मध्ये सक्सौलची वेडीवाकडी झुडपं आणि मालक नसल्यासारखे हिंडणारे उंट. मालक असतात, संध्याकाळी ते आपापल्या घरी जातात असं ड्रायव्हर म्हणाला. ड्रायव्हर पन्नाशीचा, रशियन उत्तम. मी भारतातली म्हटल्यावर त्याने स्टिअरिंगवरून हात उचलून "बायराम हान!" असं म्हटलं. अकबराचा पालक बैरामखान तुर्कमेन होता, ही त्यांच्या अभिमानाची गोष्ट. मी त्याला सांगितलं की बैरामखानाचा मुलगा, आपले दोहेवाले रहीम, आमच्या अहमदनगरवर चालून आला होता आणि मलिक अंबरने त्याला दमवलं. ड्रायव्हरला ते फारसं आवडलं नाही.

खड्डा आधी ऐकू येतो. अंधार पडला होता, टेकाडामागे आकाश तांबूस, आणि आवाज कसला, तर स्वयंपाकघरातल्या शेगडीचा. तोच भर्रर्र, फक्त हजारपट. कडेशी गेलो तर तोंडावर झळ आली. सत्तरेक मीटर रुंद, तीसेक मीटर खोल, आणि आत भिंतींतून, तळातून, प्रत्येक फटीतून ज्वाळा. गोष्ट अशी सांगतात की 1971 मध्ये सोव्हिएत भूगर्भतज्ज्ञ गॅस शोधायला ड्रिलिंग करत होते, जमीन खचली, यंत्र आत गेलं, विषारी वायू पसरू नये म्हणून त्यांनी काडी लावली, काही दिवसांत जळून संपेल असं धरून. पण याची नोंद कुठे सापडत नाही. तिथले काही भूगर्भतज्ज्ञ म्हणतात, खड्डा साठच्या दशकातला आणि आग ऐंशीच्या. एवढा मोठा देश, एवढे दप्तर सांभाळणारे कारकून, आणि कुणी कधी काडी लावली ते कागदावर नाही. 2010 मध्ये आणि पुन्हा 2022 मध्ये राष्ट्राध्यक्षांनी ती विझवायला सांगितलं. 2025 मध्ये आग बरीच मंदावल्याचं तिथल्या अधिकाऱ्यांनी जाहीर केलं.

आमच्यातल्या एका काकांनी हिशेब मांडला की यात रोज किती सिलिंडर भरले असते. आपल्या माणसाला असा हिशेब सुचणारच. मला आईचा डबा आठवत होता.

तिसऱ्या दिवशी पूर्वेकडे निघालो, मारी शहराकडे, साडेतीनशे किलोमीटर. मारीजवळच जुनं मर्व. एकेकाळी जगातल्या मोठ्या शहरांत गणना होणारं, 1221 मध्ये चंगीझखानाचा मुलगा तुलुई याने कापून काढलेलं. मातीच्या तटांचे उंचवटे आणि सुलतान संजरची बाराव्या शतकातली कबर, असं थोडंच उभं आहे. बाकी सपाट. गटाने तिथे तीन तास घालवले. मी मान्य करते की माझं मन रस्त्यातच अडकलं होतं, कारण वाटेत कालवा लागला होता.

मी गाडी थांबवायला लावली. पुलावर उभी राहिले. पाणी निळं नव्हतं, चहात दूध कमी पडल्यासारखं गढूळ. काठाला वेत माजलेले, किनारे ढासळलेले. आखलेली रेघ वगैरे काही नाही. 1954 मध्ये खोदायला सुरुवात झाली, 1962 मध्ये पाणी अश्गाबातला पोचलं, आणि पुढे लांबत लांबत 1375 किलोमीटर झाला. अमूदर्या नदीचं पाणी उचलून वाळवंटातून पश्चिमेला न्यायचं आणि कापूस पिकवायचा, ही योजना. कालव्याला अस्तर जवळजवळ नाहीच, त्यामुळे वाळू पाणी पीत राहते. जे शेतात पोचतं तेही निचरा नसलेल्या शेतात. आणि तिकडे अमूदर्याच्या तोंडाशी अरल समुद्र आटत गेला, मासेमारीच्या होड्या कोरड्या वाळूत पडल्या. हा सगळा दोष एका कालव्याचा नाही, उझबेक कालव्यांचाही आहे. पण माझ्या वहीवर हाच होता.

पुलापलीकडच्या शेतात कापूस वेचणं चाललं होतं. आणि सऱ्यांच्या वरंब्यावर पांढरं काहीतरी होतं, कापसापेक्षा खाली, मातीवर. गटातल्या एकीला वाटलं, कापूस सांडलाय. मला लांबूनच कळलं. माझं माहेर कृष्णाकाठचं. वाळवा, मिरज, शिरोळ या पट्ट्यात उसाला पाणी देऊन देऊन अशीच मिठं फुटलेली शेतं आहेत. आम्ही त्याला क्षारपड म्हणतो. आमच्या चुलत्यांचा चार एकरांचा तुकडा असाच गेला, आता तिथे लव्हाळ्याशिवाय काही उगवत नाही. ओळखीचं माणूस परगावी अचानक दिसावं तसं ते मीठ दिसलं. ड्रायव्हरला मी विचारलं, तुमच्याकडे याला काय म्हणतात? तो म्हणाला, "शोर." आपल्याकडच्या सोऱ्याचाच हा भाऊ असावा, असं मी मनातल्या मनात ठरवून टाकलं.

मारीत ड्रायव्हरने मला त्याच्या ओळखीतल्या एका बाईंकडे चहाला नेलं. बाकी गट बाजारात खरबुजं बघत होता. (खरबूज हा शब्दही तिकडे आहे, गार्पिझ, फक्त तो कलिंगडाला वापरतात.) बाई कोण, घर कुठलं, हे मी मुद्दाम लिहीत नाही, आणि एकदोन खुणा बदलल्याही आहेत. रशियनच्या निवृत्त शिक्षिका एवढं पुरे. सत्तरीच्या, डोक्याला मोठा फुलाफुलांचा रुमाल, गळ्यापाशी भरतकाम केलेला पायघोळ झगा. मी काय म्हणून हाक मारू विचारलं तर म्हणाल्या, "दायझा म्हण." दायझा म्हणजे आईची बहीण, आणि कुठल्याही वयस्कर बाईलाही दायझाच. म्हणजे मावशी. मी निर्धास्त झाले.

तीस वर्षं गंजलेलं माझं रशियन त्यांनी शिक्षिकेच्या कानाने ऐकलं. तिसऱ्या वाक्यालाच माझी विभक्ती सुधारली. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. त्यांनाही झाला असावा, कारण त्यांनी नातवाला हाक मारून सांगितलं की बघ, ही बाई हिंदुस्थानातून आली आणि रशियन बोलते. नातू दहा वर्षांचा. त्याला रशियन फार येत नाही. शाळा तुर्कमेन. दायझांनी कपाटातून पत्रांचं एक पुडकं काढलं, त्यांच्या नवऱ्याने लग्नाआधी लिहिलेली. भाषा तुर्कमेन, लिपी रशियन. नातवाला भाषा येते, पण त्यातलं अक्षर वाचता येत नाही. 1993 मध्ये लॅटिन लिपी आली. पहिल्या आराखड्यात तर डॉलर, पौंड आणि येनची चिन्हंही अक्षरं म्हणून घेतली होती, मग ती काढली. दायझांच्या आईच्या लहानपणी एक लॅटिन लिपी होतीच, वेगळी. तिच्याआधी अरबी. तीन पिढ्या, चार लिप्या. मी त्यांना आमच्या माळ्यावरच्या मोडीतल्या कागदांबद्दल सांगितलं, पणजोबांच्या हातचे. ते जमिनीचे आहेत की उधारीचे हे घरात कुणालाच वाचता येत नाही. दायझा खूप वेळ हसत होत्या.

चहा हिरवा, दुधाशिवाय. पहिला पेला ओतून परत चहादाणीत टाकायचा, असं तीनदा, मग प्यायचा. भाकरी जाड, गोल, तंदुरातली. ती सुरीने कापत नाहीत, हाताने मोडतात, आणि उलटी ठेवायची नाही. मी चुकून उलटी ठेवली. दायझांनी काही न बोलता ती सुलटी केली.

मग मी धीर करून शेगडीचं विचारलं. खरं होतं का ते?

"बेस्प्लात्नो," त्या म्हणाल्या. फुकट. 1993 पासून गॅस, वीज, पाणी, आणि मीठसुद्धा. पगार वेळेवर येत नव्हते, दुकानात माल नव्हता, मनात या तिथल्या चलनाची किंमत रोज उतरत होती, पण शेगडी पेटलेली होती. काडेपेटी बाजारात मिळाली तर मिळाली. म्हणून त्यांनी एक शेगडी बारीक करून ठेवली होती, नखाएवढ्या ज्योतीवर. हिवाळ्यात चारही चालू, खोली गरम राहावी म्हणून. तीच एक ज्योत किती वर्षं? त्यांनी आठवून पाहिलं. मधे दुरुस्तीसाठी बंद व्हायची, पण तशी म्हटलं तर पंचवीस. मुलांची लग्नं त्या ज्योतीवर झाली. मी आईचा प्रश्न विचारला, रात्री झोपताना? "भीती वाटायची," त्या म्हणाल्या. "मी उठून बघून यायचे." आणि मग हळूच, "शाळेत तास होता. मुलांकडून म्हणवून घ्यायचं की सगळं फुकट आहे, आणि कुणामुळे फुकट आहे." त्यांचा वाढदिवस एप्रिलचा. सहा वर्षं तो गुर्बानसोल्तान महिन्यात यायचा. यावर त्यांनी काहीच भाष्य केलं नाही, नुसती तारीख सांगितली.

2019 च्या 1 जानेवारीपासून सगळं फुकट बंद झालं. भिंतीवर नवा मीटर होता, प्लास्टिकचं आवरणही अजून पूर्ण निघालं नव्हतं. दर आपल्या मानाने काहीच नाही. पण पेन्शन सरकारी मनातमध्ये, आणि सरकारी दर एका डॉलरला साडेतीन मनात असताना बाहेर डॉलर त्याच्या चार-पाच पट. बाजारात तेल आणि पीठ त्या बाहेरच्या दराने चालतं. सकाळी आम्ही एका सरकारी दुकानापुढे लांबलचक रांग पाहिली होती. गाईड म्हणाली, आज काहीतरी खास असेल. ते पीठ होतं.

बिल ही चीज मला कधी आवडली नव्हती. पण बँकेत पंचवीसहून जास्त वर्षं काढलेल्या बाईला एक कळतं, पावती हातात असली की काउंटरवर हात आपटता येतो. ज्याचं बिलच नाही, ते बंद झालं तर कुठल्या खिडकीशी भांडायचं? आणि बिल सुरू झालं तेव्हा भांडायची सवयच राहिली नव्हती.

चहा संपत आला तशी दायझांनी शेगडी बंद केली. पाचेक मिनिटांत पाहुणा वाढला, ड्रायव्हर आत आला, पुन्हा पाणी ठेवायचं होतं. त्यांनी खणातून काडेपेटी काढली. पहिली काडी मोडली. दुसरी पेटली आणि गॅस सोडण्याआधीच विझली. तिसरीला त्यांनी बोट मागे घेतलं, चटका बसल्यासारखं. पंचवीस वर्षांत हाताची सवय गेली होती. मुलं तर काडी ओढायला घाबरतात, नातवाला कधी दिलीच नाही. चौथ्या काडीला भप्पकन पेटलं. विझलेल्या तीन काड्या त्यांनी बशीत नीट एका बाजूला ठेवल्या. मी पुढे होऊन एक उचलली, पेटत्या शेगडीवर धरली आणि दुसरी शेगडी लावून दाखवली. त्या बघत राहिल्या. "कुणी शिकवलं?" "आईने." "तुमच्याकडे गॅस फुकट नव्हता?" नव्हता, म्हटलं.

"आमचा गॅस तुमच्याकडे येणार होता ना?" ड्रायव्हरने विचारलं. हो. मारीपासूनच निघणार आहे तो. गाल्किनिश हे जगातल्या सगळ्यात मोठ्या गॅसक्षेत्रांपैकी एक, तिथून जवळच. तिथून अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि शेवटी पंजाबातलं फाजिल्का, सुमारे 1800 किलोमीटर. 2015 च्या डिसेंबरात मारीला पहिलं वेल्डिंग झालं तेव्हा आपले उपराष्ट्रपती हमीद अन्सारी हजर होते. ड्रायव्हरने त्या दिवशी पाहुण्यांच्या गाड्या पाहिल्या होत्या. चीनची पाइपलाइन मात्र 2009 मध्येच सुरू झाली, आणि ती भरभरून वाहते. आपली अजून अफगाणिस्तानातल्या हेरातच्या वाटेवर आहे. 2024 मध्ये तिथे पुन्हा एक सोहळा झाला.

दायझांनी मग विचारलं, आता आम्ही शेगडी कशाने पेटवतो. मी हाताने लायटरची खूण केली, टक टक. त्यांना लगेच कळलं. त्यांच्याकडेही होता, सोव्हिएत काळातला, चांगला. पण ज्योत विझतच नव्हती तर लायटर कुणाला लागतो? पडून पडून बिघडला, फेकून दिला. आता बाजारात येतात ते महिनाभर टिकत नाहीत. मी म्हटलं, मी पाठवते, आमच्याकडे तुळशीबागेत चांगले मिळतात. त्यांनी पत्ता लिहून दिला. आधी रशियन अक्षरांत लिहिला, मग थांबल्या, नातवाला बोलावलं आणि त्याच्याकडून खाली लॅटिनमध्ये लिहून घेतला.

परत आल्यावर महिन्याभरात लायटर आणला. स्टीलचा, लाकडी मुठीचा, दुकानदाराने तीनदा दाबून दाखवला. आमच्याच टूरवाल्याचा पुढचा गट एप्रिलमध्ये जाणार होता, त्यांच्याबरोबर द्यायचा असं ठरलं. मार्चमध्ये सगळंच बंद झालं. तुर्कमेनिस्तानने आपल्याकडे कोरोनाचा एकही रुग्ण नाही असं सांगितलं आणि दारं लावून घेतली, ती कित्येक महिने उघडलीच नाहीत. टूरवाल्याने पुढे ती सहल काढली नाही. ड्रायव्हरचा नंबर लागत नाही.

लायटर माझ्या स्वयंपाकघरातल्या वरच्या खणात आहे, पत्त्याच्या कागदात गुंडाळून. वापरात नसला की बिघडतो हे दायझांनीच सांगितलं होतं, म्हणून मधूनमधून काढते आणि दोनदा दाबून बघते. अजून ठिणगी पडते.